येऊरच्या पायथ्याचे तीन गिनीपिग: थंडीत मंदावलेल्या हालचालींचे एक प्रकरण

ठाण्यात येऊरच्या टेकड्यांना लागून असलेल्या एका जुन्या बैठ्या घराच्या अंगणात तीन माद्या गिनीपिग पाळल्या जातात. त्यांची नावे भुरी, चिंगी आणि शेवंती. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यानंतर तिघींनी हिंडणे-फिरणे जवळजवळ सोडून दिले, दिवसाचा बहुतेक वेळ त्या खुराड्याच्या एकाच कोपऱ्यात अंग चोरून बसू लागल्या आणि भुरी तर भाजीच्या पिशवीचा आवाज ऐकूनही बाहेर येईनाशी झाली, अशी त्या घराची तक्रार होती. घरच्यांचे निदान आधीच ठरलेले होते: थंडी बाधली. उपायही त्यांनी आपापल्या परीने सुरू केले होते, आणि लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य म्हणून माझ्याकडे ते आले ते या उपायांत आणखी काय भर घालता येईल एवढेच विचारण्यासाठी.

हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारण असे, की ठाण्याच्या हवेत गिनीपिग गारठ्याने आजारी पडल्याची उदाहरणे मला क्वचित दिसतात, परंतु गारठ्याच्या धास्तीने केलेल्या बंदोबस्तामुळे त्यांची हालचाल थांबल्याची उदाहरणे दर हिवाळ्यात दिसतात. या घरात तो बंदोबस्त अत्यंत प्रेमाने आणि कसोशीने केलेला होता, त्यामुळे त्याचे परिणामही ठळकपणे पाहता आले.

घर, अंगण आणि हवा

घर टेकडीच्या पूर्वेकडील उतारापाशी आहे. अशा जागी सकाळचे ऊन लवकर मिळायला हवे आणि दुपार कलली की सूर्य डोंगराआड जाऊन अंगणात सावली पडते, गारवाही शहराच्या मध्यापेक्षा आधी जाणवू लागतो. डिसेंबर-जानेवारीत या भागात पहाटे पारा १५ अंश सेल्सियसच्या आसपास, कधी त्याच्याही थोडा खाली उतरतो, तर त्याच दिवशी दुपारी तो ३० अंशांच्या पुढे गेलेला असतो. एकाच दिवसातील ही पंधरा-सोळा अंशांची चढउतार हेच ठाण्याच्या हिवाळ्याचे खरे वैशिष्ट्य आहे आणि गिनीपिगच्या दृष्टीने किमान तापमानाच्या आकड्यापेक्षा तेच अधिक महत्त्वाचे आहे.

अंगण साधारण वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद, अर्धे फरशीचे आणि अर्धे मातीचे. पूर्वी कोंबड्या होत्या तेव्हाचे लाकडी खुराडे आग्नेयेच्या भिंतीला लागून होते आणि तेच गिनीपिगचे घर झाले होते. खुराड्याचे आतले माप जेमतेम तीन फूट बाय दोन फूट होते. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतरही ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत सकाळी साडेसहाला खुराड्याचे दार उघडले जाई आणि रात्री जेवणाच्या वेळेस बंद होई, मधल्या काळात तिघी जाळीने वेढलेल्या अंगणाच्या भागात मोकळ्या असत. तेव्हा त्या चांगल्या चपळ होत्या, याविषयी घरातील सर्वांचे एकमत होते.

गिनीपिगविषयी थोडी माहिती येथेच देणे सोयीचे ठरेल. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतला, हजारो वर्षांपूर्वी माणसाळवलेला. अँडीजमधला म्हणजे थंडीला सरावलेला, असा तर्क पुष्कळ जण करतात. परंतु तिथल्या खेड्यांत हे प्राणी परंपरेने घराच्या आत, स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला वावरत आले आहेत, आणि त्यांचे रानटी भाईबंदही दाट गवताच्या आडोशाने राहतात. त्यांना साधारण १८ ते २४ अंशांची हवा मानवते. ते थंडीत शीतनिद्रा घेत नाहीत. दिवसरात्र थोडे खाणे, थोडे हिंडणे, थोडी डुलकी अशा लहान लहान पाळ्यांत त्यांचा वेळ जातो आणि पहाटे व तिन्हीसांजेला त्यांची लगबग सर्वाधिक असते. त्यांचे आतडे सतत चालते राहण्यासाठी चघळायला सुके गवत आणि हिंडायला जागा, दोन्हींची गरज असते. एक थांबले की दुसरेही मंदावते.

घरच्यांनी केलेला बंदोबस्त

घराच्या आजींनी हिवाळ्याची सगळी व्यवस्था स्वतःच्या हाती घेतली होती. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला विचारले, “डॉक्टर, आपल्याला पहाटेचा गारठा सोसत नाही, तिथे या एवढ्याशा जिवाला कसा सोसेल?” प्रश्न रास्त होता. त्यांनी खुराड्याला चारही बाजूंनी जाड प्लास्टिकचे कापड गुंडाळून खाली विटा ठेवल्या होत्या, वरून ताडपत्री टाकली होती, आत भाताचा पेंढा दाबून भरला होता आणि पेंढ्यापासून हातभर अंतरावर पिवळा बल्ब रात्रभर जळत ठेवला होता. दार संध्याकाळी साडेपाचला लागे आणि सकाळी ऊन वर आल्यावर, म्हणजे नऊच्या सुमारास उघडे. शिवाय तिघींसाठी लोकरीचे स्वेटर विणलेले होते. भुरीचा निळा स्वेटर पोटाशी कातडीला घासून तिथले केस विरळ झाले होते.

आहारातही बदल झाला होता. काकडी, कोथिंबीर, ढोबळी मिरची आणि बाकीचा हिरवा पाला “थंड” म्हणून बंद झाला होता आणि त्याऐवजी बाजरीची भाकरी चुरून, कधी त्यावर तिळाची चिमूट घालून दिली जात होती. सोबत बाजारात सशांसाठी मिळणारे दाणेदार खाद्य वाटीभर असे. सुके गवत फक्त पेंढ्याच्या रूपाने होते. भाताचा पेंढा अंथरायला उत्तम, पण खाण्यासाठी त्यात फारसे पोषण नाही.

घरातील तरुण मुलाने या सगळ्याला इंटरनेटवरच्या सल्ल्यांची जोड दिली होती. ते सल्ले बहुधा ब्रिटनमधले होते. तिकडे जानेवारीत पाण्याच्या बाटलीच्या तोंडाशी बर्फ जमतो आणि बाहेरची घरे घोंगड्यांनी झाकून घ्यावी लागतात. तरीही ब्रिटनमधील प्राणिकल्याण संस्थांचा मुख्य सल्ला पारा १५ अंशांखाली जाऊ लागला की गिनीपिग घरात घ्यावेत, असाच आहे. झाकण्याचे सल्ले मुलाने जसेच्या तसे उचलले होते आणि घरात घेण्याचा सल्ला तेवढा राहून गेला होता.

तपासणी

हालचाल मंदावलेला गिनीपिग समोर आला की हवामानाचा विचार करण्याआधी शरीराची काही कारणे वगळावी लागतात. दात वाढून गालाला लागणे, श्वसनमार्गाचा संसर्ग, खरूज, पायाच्या तळव्यांची जखम, मूत्राशयातील खडा आणि मादी असल्यास गर्भ किंवा अंडाशयातील गाठी, अशी ही यादी आहे. तिघी माद्याच असल्याची खात्री करून घेतली, कारण दुकानातून आणलेल्या जोडीत लिंग चुकीचे सांगितले गेल्याची उदाहरणे कमी नाहीत. दात ठीक होते. छातीचा आवाज स्वच्छ होता, मात्र चिंगीच्या नाकाशी किंचित पाणी होते. तिघींच्याही तळव्यांवर लालसरपणा होता आणि भुरीच्या मागच्या एका तळव्याची कातडी चकचकीत व ताणलेली दिसत होती, म्हणजे तळवा सुजून फुटण्याची ती सुरुवात होती. ओल्या अंथरुणावर तासन्‌तास बसून राहणाऱ्या, वजन वाढलेल्या गिनीपिगमध्ये हे हमखास आढळते. भुरीचे वजन १,१८० ग्रॅम, चिंगीचे ९८०, शेवंतीचे ८७० ग्रॅम भरले. प्रौढ मादी सामान्यतः ७०० ते ९०० ग्रॅमची असते, तेव्हा भुरी बरीच जड झाली होती.

मागच्या पायांचे सांधे हलवून पाहताना भुरी आणि चिंगी दोघींनी अंग आखडून घेतले. येथे आहारातील बदलाचा संबंध लागला. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही क जीवनसत्त्व स्वतः तयार करू शकत नाही. नॉर्वेमधील अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिख यांनी १९०७ मध्ये केवळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगमध्ये स्कर्व्हीसारखा (म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावाने होतो तसा) आजार दिसल्याचे प्रसिद्ध केले, आणि माणसातील स्कर्व्ही समजून घेण्याच्या वाटेवरचा तो मोठा टप्पा ठरला. बाजरीची भाकरी आणि साठवणुकीचे दाणेदार खाद्य यांवर ठेवलेल्या या तिघींच्या बाबतीत नेमके तेच घडू लागले होते. कमतरतेची लक्षणे दोन-तीन आठवड्यांत दिसू लागतात, त्यातले एक पहिले लक्षण म्हणजे सांधे दुखत असल्याने हालचाल टाळणे. सशांच्या खाद्यात क जीवनसत्त्व बहुधा घातलेलेच नसते, कारण सशाला त्याची गरज पडत नाही. गिनीपिगसाठीच्या खाद्यात घातलेले असले तरी साठवणुकीत काही महिन्यांत ते पुष्कळसे नष्ट होते.

चिंगीच्या नाकाचे पाणी पाहून घरात मुलाच्या आजारपणातले उरलेले अँटिबायोटिक देण्याचा विचार चालू होता. ते मी आवर्जून थांबवले. पेनिसिलिन गटातील औषधे तोंडावाटे दिल्यास गिनीपिगच्या आतड्यातील उपयुक्त जीवाणू मारले जातात आणि त्यातून प्राणघातक जुलाब होऊ शकतात. येथे औषधाची गरज नव्हती, कारण त्या पाण्याचा उगम खुराड्यातच होता.

लेंड्यांचा नकाशा

प्राणी खरोखर किती हिंडतात हे घरच्यांच्या सांगण्यावरून समजत नाही. त्यासाठी मी एक साधी पद्धत वापरतो. गिनीपिग दिवसात शंभरावर लेंड्या टाकतो आणि त्या जिथे वावर असेल तिथेच पडतात, त्यामुळे लेंड्या कुठे पडल्या आहेत हे पाहिले की वावराचा अंदाज येतो. अंगणाचा मोकळा भाग आणि खुराडे यांच्यावर फरशीच्या खडूने दोन-दोन फुटांचे चौकोन आखले आणि घरातल्या शाळकरी मुलीला प्रत्येक चौकोनातील लेंड्या सकाळी झाडण्याआधी व संध्याकाळी मोजून वहीत उतरवायला सांगितले. मुलीने हे काम कमालीच्या निष्ठेने केले. तिची वही आमच्या कोणत्याही यंत्रापेक्षा अधिक उपयोगी ठरली.

वहीतून दोन गोष्टी लगेच स्पष्ट झाल्या. जवळजवळ सगळ्या लेंड्या खुराड्यात आणि खुराड्याच्या दारापाशीच्या दोन चौकोनांत होत्या, आणि अंगणाच्या पश्चिमेकडील उघड्या भागात एकही नव्हती. दुसरी गोष्ट म्हणजे खुराड्यातल्या लेंड्यांपैकी बहुतेक संध्याकाळ ते सकाळ या काळातल्या होत्या. साडेपाच ते नऊ म्हणजे साडेपंधरा तास तीन प्राणी सहा चौरस फुटांत बंद होते, आणि त्यांच्या स्वभावाने ज्या दोन वेळा सर्वाधिक हालचालीच्या, ती पहाट आणि ती तिन्हीसांज, दोन्ही याच बंद काळात येत होत्या. दिवसभर त्यांनी हिंडावे अशी अपेक्षा होती, परंतु त्यांच्या हिंडण्याचा वेळ आधीच कुलुपात गेलेला होता.

खुराड्यात आणि अंगणात, प्राण्याच्या पाठीच्या उंचीवर, कमाल-किमान तापमापक ठेवला. बंद खुराड्यात पहाटेचे तापमान बाहेरच्यापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त होते, म्हणजे ऊब राखण्याच्या दृष्टीने आजींचा बंदोबस्त यशस्वी होता. पण प्लास्टिकच्या आतल्या बाजूला सकाळी पाण्याचे थेंब जमलेले असत, पेंढा खालून ओला असे आणि वाकून नाक जवळ नेले की मुताच्या अमोनियाने डोळे चुरचुरत. चिंगीच्या नाकाचे पाणी त्याचेच होते. कोरडा, वारा न लागणारा गारठा निरोगी प्रौढ गिनीपिग १५ अंशांपर्यंत बरा सोसतो, परंतु ओलसर आणि कोंदट ऊब त्याला सोसत नाही. पेंढ्याजवळचा बल्ब तर पेट घेण्याचेच साधन होता, आणि रात्रभर उजेड असल्याने त्यांच्या दिवसरात्रीच्या पाळ्याही विस्कटल्या होत्या.

अंगणातल्या उन्हाचा प्रश्न मात्र घरच्यांच्या ध्यानातच आला नव्हता. ऑक्टोबरात खुराड्यासमोर सकाळी आठलाच ऊन येई. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो आणि ठाण्याच्या अक्षांशावर भर दुपारीही तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांपेक्षा वर येत नाही. आग्नेयेला शेजारच्या प्लॉटवर नव्याने उभ्या राहिलेल्या इमारतीची सावली त्यामुळे अकरापर्यंत खुराड्यावर पडून राही. पायथ्याची जागा असल्याने दुपारी साडेचारनंतर डोंगराची सावली येई. नऊ वाजता दार उघडले तरी खुराडे थंड सावलीतच असे, आणि ऊन समोर दहा फुटांवर उघड्या जमिनीवर. ते दहा फूट पार करून उन्हात जायला तिघींपैकी एकही धजत नव्हती.

हे न धजणे स्वाभाविक आहे. गिनीपिग हा सगळ्यांचे भक्ष्य असलेला प्राणी आहे. उघड्यावर तो भिंतीच्या कडेने चालतो आणि प्रत्येक काही फुटांवर शिरायला आडोसा नसेल तर पुढे पाऊल टाकत नाही. येऊरच्या पायथ्याला आकाशात घारी असतात, कुंपणावर कावळे आणि मांजरे असतात, मुंगसे येतात. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात अंगणात तुळशीच्या वृंदावनाभोवती कुंड्यांची दाटी होती, तिच्या आडोशाने तिघी फिरत. दिवाळीच्या साफसफाईत त्या कुंड्या एका बाजूला रचून ठेवल्या गेल्या आणि अंगण “मोकळे” झाले. माणसाच्या दृष्टीने मोकळे झालेले ते अंगण गिनीपिगच्या दृष्टीने ओलांडता न येणारे मैदान झाले होते. वहीतल्या रिकाम्या चौकोनांचे एक मोठे कारण हेच असावे, असे माझे मत झाले.

केलेले बदल

पहिल्याच दिवशी प्लास्टिक, बल्ब आणि स्वेटर काढले. स्वेटरवर आजींची थोडी नाराजी झाली. स्वेटर घातलेला गिनीपिग अंग चाटून साफ करू शकत नाही, दुपारी ३० अंशांत त्याला उकडते आणि धागा पायात अडकतो, हे भुरीच्या पोटावरची जागा दाखवून सांगितल्यावर त्यांनी ते उसवले. त्या लोकरीचे पुढे पडवीतल्या खोक्यांच्या दारांना पडदे झाले.

रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न सर्वांत आधी सोडवायला हवा होता. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे रात्री अंगणात मोकळे सोडणे शक्यच नव्हते. दार उशिरापर्यंत उघडे ठेवा, असा सल्ला येथे बेजबाबदारपणाचा ठरला असता. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये पिंजरा ठेवण्याची सूचना शेजाऱ्यांकडून आली होती, पण गाड्यांच्या धुराच्या जागी गिनीपिग ठेवू नयेत. घराच्या मागच्या बाजूला लोखंडी ग्रिल लावलेली, फरशीची सहा फूट बाय नऊ फूट पडवी होती, तिथे जुने सामान पडलेले होते. ते काढून पडवीच त्यांचे रात्रीचे घर केले. ग्रिलवर खालपासून तीन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाची जाळी मारली, कारण साप आणि घुशी ग्रिलच्या गजांमधून सहज येतात. उत्तरेकडच्या ग्रिलवर गोणपाटाचे दोन थर लावले आणि वर वीतभर जागा मोकळी ठेवली, म्हणजे वारा अंगावर येत नाही आणि कोंदटपणाही राहत नाही. पडवीतले किमान तापमान जानेवारीच्या सर्वांत थंड पहाटेही १७ अंशांखाली गेले नाही, तेही बल्बशिवाय.

जागा नऊपट झाल्याने तिघींची पहाटेची आणि तिन्हीसांजेची लगबग पडवीत होऊ लागली. परंतु रिकामी पडवी देऊन उपयोग झाला नसता, हे अंगणाने शिकवलेलेच होते. किराणा दुकानातून आणलेली पुठ्ठ्याची खोकी भिंतीच्या कडेने दोन-दोन फुटांवर ठेवली. सुरुवातीला मुलाने चार इंची पीव्हीसी पाइपचा एकच लांब बोगदा केला होता. भुरीच्या देहाला तो अपुरा होता, शिवाय ती त्याच्या तोंडाशी बसून बाकी दोघींना अडवू लागली, आणि शेवंतीने एकदा आतूनच दात किटकिटवले. त्यानंतर पाइप काढून सहा इंची घेतला, त्याचे तुकडे केले आणि प्रत्येक खोक्याला समोरासमोर दोन दारे कापली. दोन दारे असली की कोणी कोणाला कोंडू शकत नाही. पळापळ थांबली असे नाही, पण ती भांडणाची न राहता हिंडण्याची झाली.

खाण्याची मांडणी हे हालचाल वाढवण्याचे सर्वांत सोपे साधन आहे, आणि मी नेहमी तिथे जास्त वेळ देतो. सुके गवत म्हणून वाडा तालुक्याकडून येणारी पावली मिळवली. ती झटकून, धूळ काढून, एकाच जागी न ठेवता चार ठिकाणी ठेवली: एक जुडी खोक्याच्या माथ्यावर जिथे मान उंचावून ओढावे लागते, एक जाळीला बाहेरून बांधून, दोन दूरच्या कोपऱ्यांत. पाण्याची बाटली गवतापासून सर्वांत लांबच्या टोकाला टांगली. दाणेदार खाद्य वाटीतून देणे बंद करून दिवसाला एकेकीला जेमतेम चमचाभर, तेही पावलीत विखरून दिले. भाकरी बंद झाली. हिरवा पाला आणि ढोबळी मिरची पुन्हा सुरू झाली, मात्र दव पडलेले गवत किंवा फ्रिजमधून काढलेली भाजी लगेच देऊ नये एवढी काळजी घेतली, ती आजींच्या “थंड” या आक्षेपालाही पुरेशी होती. निरोगी गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज साधारण १० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते, कमतरता असताना त्याहून जास्त. ढोबळी मिरचीच्या २० ग्रॅमच्या फोडीतून ते बऱ्यापैकी मिळते आणि हिवाळ्यात बाजारात येणाऱ्या पेरूच्या लहानशा फोडीतूनही, पण पेरूत साखर असल्याने तो आठवड्यातून दोनदाच. भुरी आणि चिंगीला पहिले काही आठवडे क जीवनसत्त्वाचे थेंब तोंडावाटे वेगळे दिले. पाण्याच्या बाटलीत थेंब टाकण्याची प्रथा मी सुचवत नाही, कारण ते उजेडात लवकर नष्ट होते आणि चव बदलल्याने प्राणी पाणीच कमी पितात.

दिवसाचे वेळापत्रक उन्हावरून ठरवले. सकाळी साडेआठला तिघींना उचलून अंगणाच्या पश्चिमेकडील भागात, जिथे त्या वेळी ऊन असते, जाळीच्या फिरत्या आवारात सोडायचे. दवाने ओली झालेली माती आधी सुकू द्यायची. आवाराच्या कडेने कुंड्या पुन्हा मांडल्या, दोन उलट्या टोपल्यांना दारे पाडून ठेवली आणि वरून अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट टाकली, घारीपासून आणि नंतरच्या कडक उन्हापासून आडोसा म्हणून. साडेअकरानंतर ऊन तापू लागते तेव्हा आवार शेडनेटखालच्या बाजूला सरकवायचे. गिनीपिगला २६-२८ अंशांपुढे उष्माघाताचा धोका सुरू होतो, आणि जानेवारीतही दुपारी सावलीशिवाय ठेवले तर ठाण्यात तो प्रसंग येऊ शकतो, हे बाहेरच्या देशातल्या सल्ल्यांत सापडणार नाही. चारच्या सुमारास, डोंगराची सावली पडण्याआधी, पुन्हा पडवीत.

सकाळच्या वेळेबाबत एक अडचण उरली होती. समोरच्या बांधकामावरचे पहारेकरी पहाटे शेकोटी पेटवत आणि सोसायटीतला पालापाचोळाही त्यातच जळत असे. हिवाळ्यात सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची उबदार असल्याने धूर वर न जाता पायथ्याशीच साचून राहतो. गिनीपिगचा श्वसनमार्ग धुराला आणि धुळीला फार नाजूक असतो. घरच्यांनी पहारेकऱ्यांशी बोलून शेकोटी रस्त्यापलीकडे हलवली. जळक्या पाल्याचा वास असलेल्या दिवशी बाहेर सोडायचे नाही, पडवीतच ठेवायचे, असे ठरले.

व्यायामासाठी चाके, प्लास्टिकचे पारदर्शक गोळे आणि पट्टे घालून फिरवणे यांविषयी मुलाने विचारले होते. उंदीर आणि हॅम्स्टर यांना चाक चालते, पण गिनीपिगचा कणा तसा वाकत नाही आणि गोळ्यात त्याला पळायची नव्हे तर सुटायची घाई होते. हे काही आणू नये असे मी सांगितले.

पुढील आठवड्यांतील निरीक्षण

पहिला बदल दिसला तो शेवंतीत. पडवीत आल्याच्या तिसऱ्याच संध्याकाळी ती अंग झटकून जागच्या जागी चारही पायांवर उड्या मारू लागली. सुखावलेल्या तरुण गिनीपिगची ही ओळखीची लहर आहे. वहीतल्या लेंड्या हळूहळू सगळ्या चौकोनांत पसरल्या. अंगणाच्या पश्चिम भागातले चौकोन भरायला मात्र कुंड्या परत मांडल्यानंतर आठवडाभर लागला, आणि त्यातही लेंड्या कुंड्यांच्या ओळीने पडत, मधल्या मोकळ्या जागेत नाही. मधल्या जागेतून पुठ्ठ्याच्या खोक्यांची एक ओळ काढल्यावर तिथलाही वावर सुरू झाला. तळव्यांचा लालसरपणा पेंढ्याऐवजी रोज बदललेल्या कोरड्या अंथरुणावर उतरला, भुरीचा तळवा फुटला नाही. चिंगीच्या नाकाचे पाणी प्लास्टिक काढल्यानंतर चार-पाच दिवसांत थांबले.

चिंगीचे वजन फेब्रुवारीपर्यंत ९०० ग्रॅमच्या आसपास आले. शेवंतीचे होते तेवढेच राहिले, जे तिच्या वयाला योग्य आहे. भुरीचे मात्र उतरले नाही. ती इतर दोघींसोबत हिंडू लागली, सांधे मोकळे झाले, भाजीच्या पिशवीला पुन्हा व्हीक-व्हीक करून उत्तर देऊ लागली, पण पोटाचा घेर कमी होईना आणि दोन्ही कुशींवरचे केस सारखे गळू लागले. वय साडेतीन वर्षांचे असल्याने सोनोग्राफी करून घेतली, तेव्हा दोन्ही अंडाशयांवर गाठी आढळल्या. मध्यम वयापुढील माद्यांत हे पुष्कळदा आढळते. तिच्या मंदपणातला किती भाग थंडीच्या बंदोबस्ताचा आणि किती गाठींचा, हे वेगळे काढता येत नाही. शस्त्रक्रियेचा निर्णय घरच्यांनी वजन थोडे उतरेपर्यंत पुढे ढकलला आहे. गाठी वाढल्या तर तो लवकर घ्यावा लागेल, हे त्यांना सांगितले आहे.

आजींना एकच शंका राहिली होती, तिघी एकमेकींना पळवतात, तेव्हा एकीला काढून वेगळी ठेवावी का. वेगळी ठेवू नये, असे मी सुचवले. गिनीपिग कळपाचा प्राणी आहे, आणि स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार एकटा गिनीपिग पाळण्याला परवानगीच नाही. एकट्या प्राण्याला हिंडण्याचे कारणही कमी उरते. या तिघींची निम्मी हालचाल एकमेकींच्या मागे जाण्यातच होते.

फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत दुपारचा पारा ३४ अंशांवर गेला आणि हिवाळी वेळापत्रक बदलावे लागले. आता सकाळचे बाहेर सोडणे साडेसातला असते आणि साडेनऊला संपते. दुपारी पडवीची फरशी, त्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक थंड वीट आणि तिच्याभोवती खोकी अशी मांडणी असते. गोणपाट गुंडाळून माळ्यावर ठेवले आहे, जाळी तेवढी बारा महिने राहणार आहे.